लंडीखाना नावाचं स्टेशन : ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर

गिरगावकर

१० ऑगस्ट २०२५ला, रविवारी, हवाई दलातले निवृत्त पायलट ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर परुळकर पुण्यात वारले. मला कळलं दुसऱ्या दिवशी. चर्नी रोडहून अंधेरी स्लो पकडली होती, समोर बसलेल्या गृहस्थांच्या पेपरात फोटो दिसला. दादर येईपर्यंत मी त्या फोटोकडेच बघत होतो. उतरताना त्यांनी पेपर घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ठेवा तुम्हाला. तो अजून कपाटात आहे. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलो.

मी एकाहत्तरला नऊ वर्षांचा होतो. भोंगा वाजला की आमच्या चाळीतले सगळे दिवे जायचे. काचांना खाकी कागद लावलेले असायचे, आईनं घरी शिजवलेल्या खळीनं चिकटवलेले, आणि त्या खळीचा आंबूस वास डिसेंबरभर खोलीत होता. रस्त्यावरच्या मोटारींच्या हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. अंधारात गॅलरीत बसून आम्ही पोरं विमानांच्या आवाजाकडे कान लावायचो आणि हे नॅट, हे हंटर, हे मिग असं ठणकावून सांगायचो. लढाऊ विमानाचा पायलट म्हणजे आमच्यासाठी देव होता.

परुळकर मार्च १९६३मध्ये हवाई दलात अधिकारी झाले. दोनच वर्षांत पासष्टचं युद्ध आलं. एका मोहिमेत त्यांच्या विमानाला शत्रूचा मारा लागला आणि त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. बरोबरच्या तुकडीप्रमुखानं सांगितलं, विमान सोड, उडी मार. त्यांनी ते मोडकं विमान तसंच तळावर परत आणलं. उजवा हात म्हणजे पायलटचा दांडी धरायचा हात, हे लक्षात घेऊन ही गोष्ट वाचा. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळालं. तेव्हा ते विशीत होते.

मला मात्र लिहायचंय ते त्यांच्या तयारीबद्दल. धाडस सगळ्यांना दिसतं. पण हा माणूस एकाहत्तरच्या आधीच आपल्या वरिष्ठांना सांगून बसला होता की कधीतरी माझं विमान पडेल, मी कैद होईन, आणि कैद झालो तर मी पळणार. शत्रूच्या तुरुंगातून सुटण्याचा विचार त्यानं तुरुंग बघण्याच्या आधी करून ठेवला होता.

१० डिसेंबर १९७१ला ते सुखोई-७ घेऊन गेले. २६ क्रमांकाची स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, तळ पंजाबातलं आदमपूर. पाकिस्तानातल्या झफरवालजवळ जमिनीवरून झालेल्या माऱ्यात विमान लागलं, त्यांनी उडी मारली आणि कैद झाले. मग रावळपिंडीची छावणी. तिथे आपल्या हवाई दलाचे बाराएक अधिकारी होते, सगळ्यांत ज्येष्ठ विंग कमांडर कोएलो. महिने गेले. २ जुलै १९७२ला सिमला करार झाला, तरी यांच्या सुटकेची तारीख काही ठरेना.

पुढची हकीकत मोठी आहे. जेवून येतो आणि प्रतिसादातच लिहितो.

मुलुंडकरीण

वाचतेय. खळीचा वास अगदी आठवला. आमच्याकडे कंदिलाच्या काचेलाही कागद गुंडाळला होता. पुढचं लवकर टाका.

निवृत्त_फिटर

गिरगावकर, नमस्कार. मी हवाई दलात इंजिन फिटर होतो, आता कल्याणला असतो. सुखोई-७वर माझे हात काळे झालेले आहेत, म्हणून थोडं लिहितो. आजचं सुखोई-३० वेगळं, नुसतं नाव ऐकून तेच डोळ्यांपुढे आणू नका.

सुखोई-७ म्हणजे एक लांब नळी आणि तिच्यात एकच भलंमोठं इंजिन. नाकाला उघडं तोंड, हवा तिथून आत. पंख मागे ओढलेले. एका माणसाचं विमान, शेजारी बोलायला कुणी नाही. पंखांच्या मुळाशी ३० मिलिमीटरच्या दोन तोफा आणि प्रत्येकीला ७० गोळे. सत्तरच! बोट दाबून धरलं तर काही सेकंदांत संपले. आफ्टरबर्नर, म्हणजे जादा जोरासाठी इंजिनाच्या मागच्या भागात आणखी इंधन जाळायची सोय, लावला की इंधनाचा काटा डोळ्यांदेखत खाली यायचा. त्यामुळे पल्ला कमी. जायचं, काम करायचं आणि यायचं, रेंगाळायला इंधन नाही. उतरण्याचा वेग इतका की शेपटीतून ब्रेक पॅराशूट सोडल्याशिवाय धावपट्टीवर आवरायचं नाही.

पण दणकट. रशियन माणसानं शेतात चालवायला केल्यासारखं. आम्हाला ते आवडायचं कारण ते लपवाछपवी करत नसे, जे बिघडायचं ते समोर दिसायचं.

आता एकाहत्तरमध्ये या विमानाला काम काय, तर दिवसाउजेडी जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ला. रणगाडे, आगगाड्या, तोफा. त्यासाठी खाली यावं लागतं आणि लक्ष्याकडे नाक धरून सरळ यावं लागतं. त्या सरळ रेषेत खालचा प्रत्येक तोफवाला तुमच्याकडे बघत असतो. तिथे विमानाचा वेग उपयोगाला येत नाही, पायलटची छातीच उपयोगाला येते. परुळकर साहेब त्या रेषेत होते, एवढंच सांगायचं होतं.

आणि एक. पासष्टला मोडकं विमान परत आणलं हे तुम्ही लिहिलंत, त्याचं मोल जमिनीवरच्या माणसाला जास्त कळतं. विमान परत आलं म्हणजे ते दुरुस्त होऊन पुन्हा उडतं. आम्ही रात्रभर जागून पत्रे ठोकायचो ते त्यासाठी.

परळची_लेक

फिटर काका, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. अजून लिहा.

गिरगावकर

फिटरसाहेब, मनापासून आभार. ते सत्तर गोळ्यांचं मला माहीत नव्हतं.

तर रावळपिंडी. कैद्यांना युद्धकैद्यांबद्दलच्या जिनिव्हा करारानुसार थोडा भत्ता मिळायचा, पाकिस्तानी रुपयांत. त्यातून खायचे जिन्नस मागवता यायचे. बाकीचे खात होते, परुळकर साठवत होते. सुकामेवा, आटवलेल्या दुधाचे डबे. चालत जायची पाळी आली तर काय लागेल, याचा हिशेब. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र तयार केलं गेलं. अंगावर घालायला पठाणी कपडे मिळवले. नकाशा म्हणजे शाळेतल्या मुलांचा नकाशासंग्रह. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

पूर्वेला भारताची सरहद्द होती, पण तिथे दोन्ही सैन्यं समोरासमोर, सुरुंग, पहारे. म्हणून उलटी दिशा धरायची असं ठरलं. पश्चिमेला पेशावर, खैबर खिंड आणि पलीकडे अफगाणिस्तान. घराकडे पाठ करून पळायचं. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. कैदेतल्या माणसाचं मन घराच्या दिशेनंच धावणार, त्याला वळवून उलटं लावायला डोकं किती थंड लागत असेल.

खोलीची भिंत दीड फूट जाडीची. विटांमधला गिलावा पेचकससारख्या फुटकळ हत्यारांनी खरवडून काढायचा, तोही रात्री. दिवसा भिंत पूर्वीसारखी दिसली पाहिजे. निघालेला चुरा टाकायचा कुठे? रेड क्रॉसकडून येणाऱ्या पार्सलांची रिकामी खोकी होती. त्यांत भरून खाटेखाली. भारतातून आलेल्या मायेच्या खोक्यांत पाकिस्तानची भिंत भरली जात होती. विटा एकेक करून मोकळ्या केल्या, बाहेरच्या गिलाव्याचा पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवला.

१२ ऑगस्ट १९७२ची रात्र उलटता उलटता तिघं बाहेर पडले. परुळकर, फ्लाइट लेफ्टनंट मलविंदरसिंग ग्रेवाल आणि फ्लाइंग ऑफिसर हरीश सिंहजी. बाहेर वादळ, पाऊस. तिघं रस्त्याला लागले, बस पकडून पेशावरला, तिथून जमरूदमार्गे खैबर चढून सकाळी साडेनऊच्या सुमाराला लंडीकोतलला पोचले. भिंतीतून निघाल्यापासून अर्ध्या दिवसाच्या आत! बसमध्ये आजूबाजूला माणसं, बायका, पोरं, सामान, आणि मधे बसलेले आपले तीन पायलट. परुळकरांनी स्वतःसाठी नाव घेतलं होतं फिलिप पीटर. लाहोरच्या हवाई दलातले ख्रिस्ती कर्मचारी, सुट्टीवर फिरायला निघालेत, अशी ती बतावणी.

सरहद्द आता चार-पाच मैलांवर. नकाशात लंडीकोतलच्या पुढे आणखी एक नाव होतं, सरहद्दीला टेकलेलं. लंडीखाना. रेल्वेचं शेवटचं स्टेशन. म्हणून त्यांनी बाजारात विचारलं, लंडीखान्याला कसं जायचं?

तिथे घात झाला. ते स्टेशन कधीचंच बंद झालेलं होतं. गावातला कुणी लंडीखान्याला जातच नव्हता. तहसीलदाराच्या कचेरीतल्या एका माणसाला संशय आला. गंमत नाही, त्याला हे भारतीय वाटलेच नाहीत. त्याला वाटलं हे बंगाली. बांगलादेश झाल्यावर पश्चिम पाकिस्तानात अडकलेले पुष्कळ बंगाली याच वाटेनं अफगाणिस्तानात निसटत होते. बंगाली समजून त्यानं तीन भारतीय पायलट धरले.

घाटरस्ता

रेल्वेत रुळांच्या देखभालीत नोकरी झाली माझी, म्हणून लंडीखान्याबद्दल लिहायलाच हवं.

खैबर रेल्वे ही जगातल्या अवघड मार्गांपैकी एक. नोव्हेंबर १९२५मध्ये जमरूद ते लंडीकोतल मार्ग सुरू झाला. ३४ बोगदे, ९२ पूल. पुढच्या वर्षी, १९२६ला, तो लंडीखान्यापर्यंत नेला. मधे चढ इतका की गाडी झिगझॅग वर न्यायची, एका टोकाला थांबवून दुसऱ्या दिशेनं ढकलायची. आपल्याकडे बोरघाटात खंडाळ्याजवळ जुन्या काळी अशीच गाडी उलटी फिरवायचं स्टेशन होतं, १९२९च्या सुमाराला नवा मार्ग झाल्यावर ते बंद झालं. खोपोलीकडून वर जाताना जुन्या लोकांना ती जागा दाखवता येते.

लंडीखाना फक्त सहा वर्षं चाललं. डिसेंबर १९३२मध्ये इंग्रजांनी लंडीकोतलच्या पुढची गाडी बंद केली. म्हणजे परुळकर तिथे उभे होते तेव्हा त्या स्टेशनाला बंद होऊन चाळीस वर्षं होत आली होती. नकाशा छापणारे मागच्या नकाशावरून पुढचा नकाशा करत आले आणि नाव तसंच राहिलं. आम्हा रेल्वेवाल्यांना हे ओळखीचं. कागदावर साइडिंग, म्हणजे बाजूला काढलेला रूळ, असते, जाऊन बघावं तर तिथे बाभळी.

नकाशा चुकीचा होता असंही म्हणवत नाही मला. जागा तिथेच आहे. फक्त तिथे जाणारं कुणी उरलं नव्हतं.

परळची_लेक

सहा वर्षं चाललेल्या स्टेशनानं चाळीस वर्षांनी तिघांना पकडून दिलं. हे वाचून मी कामाच्या जागी पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

स्पष्टच_विचारतो

सगळं आदरानं वाचलं. एक विचारतो, राग मानू नका. युद्ध संपलेलं होतं. आपल्याकडे त्यांचे ९३ हजार कैदी होते, म्हणजे आज ना उद्या हे सुटणारच होते. मग जीव धोक्यात घालून पळण्याचा अट्टहास का? आणि पळालेले एका दिवसात पकडले गेले, त्याचा त्रास मागे राहिलेल्यांना झाला असणार. परुळकरांच्या पासष्टच्या शौर्याबद्दल दुमत नाही. पण या भागाला यश म्हणायचं का?

गिरगावकर

राग कसला, हा प्रश्न मीही स्वतःला पुष्कळदा विचारला आहे.

आज ना उद्या सुटणार होते हे आपल्याला आज कळतं. डिसेंबर ७२ला ते सुटले हे वाचून आपण ऑगस्टकडे मागे बघतो. ऑगस्टमध्ये त्या खोलीत बसलेल्या माणसाला डिसेंबर दिसत नव्हता. सिमल्याला सह्या झाल्या, दोन्हीकडची सैन्यं मागे घ्यायचं ठरलं, पण कैद्यांचा प्रश्न लोंबकळत राहिला. ९३ हजारांचाच विचार करा, त्यातले बहुतेक १९७३ आणि ७४मध्ये परत गेले. दोन-अडीच वर्षं. आपल्या बारा जणांचंही तसंच झालं असतं तर?

दुसरं, कैद झाला म्हणून सैनिकाचं काम संपत नाही. जगभरच्या सैन्यांत हे मानलं जातं, आणि जिनिव्हा करारातही कैद्यानं पळण्याचा प्रयत्न करणं हा गुन्हा धरलेला नाही.

मागे राहिलेल्यांचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे, आणि ही गोष्ट सांगताना आपण त्यांनाच गाळतो. तिघांचीच नावं घेतो. वास्तविक कोएलो साहेबांची परवानगी होती. भिंत खरवडण्याचा आवाज ज्यांनी ऐकला आणि तोंडातून शब्द काढला नाही, ज्यांनी हत्यारं मिळवायला, होकायंत्र जमवायला हातभार लावला, त्यांना पक्कं माहीत होतं की सकाळी भोक सापडेल तेव्हा समोर आपण असू. पळणाऱ्याच्या मनात निदान पलीकडचं अफगाणिस्तान होतं. यांच्या मनात फक्त उद्याची चौकशी. तरी एकानंही मोडता घातला नाही. मला त्या माणसांपुढे जास्त वेळ उभं राहावंसं वाटतं.

वकील_बोरिवली

करारातला मुद्दा नेमका मांडते. तिसरा जिनिव्हा करार, १९४९. युद्धकैदी पळून आपल्या सैन्यात किंवा शत्रूच्या हद्दीबाहेर पोचला की ते यशस्वी पलायन, आणि त्याबद्दल पुढे त्याला शिक्षा करता येत नाही. पोचण्याआधी सापडला तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा, तीही जास्तीत जास्त ३० दिवसांची. दुसऱ्यांदा पळाला तरी हेच. त्याच्यावर खटला चालवून जबर शिक्षा देता येत नाही. ज्यांनी हा मसुदा लिहिला ते दुसऱ्या महायुद्धातून नुकते बाहेर पडले होते, त्यांना कैद्याचं मन माहीत होतं.

परुळकर आणि दोघा साथीदारांना पकडल्यावर ३० दिवस एकांतकोठडी झाली, ती या कलमाप्रमाणे.

गिरगावकर

ताई, आभार. पण त्या कलमापर्यंत पोचणं हीच लंडीकोतलची खरी परीक्षा होती, ते राहिलंच लिहायचं.

तहसीलदारासमोर उभे केले तेव्हा तिघं कुणीच नव्हते. कैदी म्हणून त्यांची नोंद रावळपिंडीला, आणि तिथे ते सापडत नव्हते. खैबरमध्ये त्यांना कुणी धरलंय हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. टोळीवाल्यांच्या मुलुखात तीन अनोळखी माणसं. त्यांना तिथल्या तिथे गोळी घातली असती तर इथे त्यांच्या घरी फक्त 'बेपत्ता' एवढा शब्द आला असता.

अशा वेळी परुळकरांना एक नाव आठवलं. स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद. हे पूर्वी त्यांच्याच छावणीचे प्रमुख होते, कैद्यांशी माणुसकीनं वागणारे. त्यांची बदली होऊन ते पाकिस्तानच्या हवाई दलप्रमुखांचे एडीसी, म्हणजे खास मदतनीस अधिकारी, झाले होते. परुळकर म्हणाले, आम्ही हवाई दलाचे आहोत, एडीसी उस्मान हमीदना फोन लावा, ते ओळखतात. फोन लागला. परुळकरांनीच बोलून त्यांना कळवलं. उस्मान हमीदनी तहसीलदाराला सांगितलं, ही आमची माणसं आहेत, यांना हात लावू नका. त्या एका फोननं तिघं पुन्हा कैदी झाले, म्हणजे कागदावर आले, म्हणजे वाचले.

सरहद्द डोळ्यांसमोर असताना परत कैद मागून घ्यायची. भिंत फोडण्यापेक्षा ते अवघड होतं असं मला वाटतं. आणि उस्मान हमीद या माणसाबद्दल मला फार आदर आहे. ते शत्रूच्या हवाई दलातले होते, आणि तीन मराठी-पंजाबी-राजपूत घरांत त्यांच्यामुळे मुलगा परत आला.

मुलुंडकरीण

'बेपत्ता' हा शब्द तुम्ही लिहिलात म्हणून लिहिते.

आमच्या मजल्यावर एक कुटुंब होतं. त्यांचा थोरला मुलगा फौजेत. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून पत्र नाही. आई रोज टपालवाल्याच्या वेळेला जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायच्या, मांडीवर निवडायचे तांदूळ घेऊन. तांदूळ तेच असायचे, निवडून झालेले. जवळपास दोन महिन्यांनी एक छापील कार्ड आलं, कैदेत आहे, बरा आहे, खाली सही. एवढंच. त्यांनी ते कार्ड देवापुढे ठेवलं आणि मग पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. तोपर्यंत रडल्या नव्हत्या.

ज्यांना ते कार्डही आलं नाही त्यांचं काय. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे, तेही सुखोई-७चेच पायलट, ५ डिसेंबर १९७१ला पाकिस्तानातल्या शोरकोटवर हल्ल्याला गेले ते परत आले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. त्यांनी सगळं आयुष्य त्यांचा शोध घेण्यात घालवलं. १९७१च्या ५४ बेपत्तांच्या यादीत ते नाव आहे. २००७मध्ये या कुटुंबांतली काही माणसं पाकिस्तानातले तुरुंग बघायला गेली, तीही रिकाम्या हातांनी आली.

परुळकर परत आले म्हणून आपण त्यांची गोष्ट सांगतो आहोत. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती पायरीच येते.

निवृत्त_फिटर

ताई, बरोबर लिहिलंत. विमान गेलं की त्याची जागा शेडमध्ये काही दिवस तशीच मोकळी ठेवायचे लोक. कुणी सांगत नसे, पण दुसरं विमान तिथे लावायला हात धजावायचा नाही. विमानाला लावायची शिडी तिथेच उभी असायची.

परळची_लेक

मुंबईचं कुणी नाही का यात? आपल्याकडे नौदल डोळ्यांसमोर असतं, हवाई दल दिसत नाही.

गिरगावकर

आहेत तर. एअर चीफ मार्शल हृषीकेश मुळगावकर. जन्म मुंबईचा, १९२०. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते, १९४७-४८च्या काश्मीरच्या लढाईसाठी महावीर चक्र, आणि १९७६ ते ७८ हवाई दलप्रमुख. त्यांच्या आधीचे प्रमुख ओमप्रकाश मेहरा आणि नंतरचे इद्रिस हसन लतीफ, हे दोघंही पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, म्हणजे मलबार हिलला राहून गेले. मुळगावकरांवर स्वतंत्र धागा काढायला हवा, इथे दोन ओळींत त्यांना बसवणं बरं नाही.

स्पष्टच_विचारतो

गिरगावकर, उत्तर पटलं. माझ्या 'यश' या शब्दात मी सरहद्द एवढीच मोजत होतो. फोनचा प्रसंग माहीत असता तर तसं विचारलंच नसतं. ते परत कधी आले तेवढं लिहा.

गिरगावकर

एकांतकोठडीनंतर त्यांना लायलपूरच्या छावणीत नेलं, आजचं फैसलाबाद. तिथे भुत्तो स्वतः आले आणि सुटकेची घोषणा झाली. १ डिसेंबर १९७२ला वाघा ओलांडून सगळे चालत आले. इकडे ते साल दुष्काळाचं, रेशनवर मिलो, ती लाल ज्वारी. वडिलांनी रेडिओ मोठा केलेला आठवतो. ही भिंतीची हकीकत मात्र मी पुष्कळ वर्षांनी वाचली.

परुळकर हवाई दलातच राहिले. पुढे विशिष्ट सेवा पदक, काही काळ सिंगापूरला नेमणूक, खडकवासल्याला एनडीएमध्ये, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, बटालियन कमांडर. त्यांच्या हाताखालून किती पोरं तयार झाली असतील. दीड फुटाची भिंत नखांनी उकरलेला माणूस सकाळी मैदानात पोरांसमोर उभा राहायचा.

बदलापूर_एनडीए

मी बारावीत आहे, एनडीएची लेखी परीक्षा देणार आहे. मे २०२५मध्ये मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणी, तेव्हापासून ठरवलंय. घरी आई हो म्हणते, बाबा गप्प असतात. हा धागा बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. खोक्यांत चुरा भरण्याच्या जागी त्यांनी मला थांबवून तेवढं परत वाचायला लावलं. शेवटी काही बोलले नाहीत, पण फिटर आजोबा कल्याणला कुठे राहतात ते विचारलं. आजोबा, रविवारी आम्ही दोघं आलो तर चालेल का?

निवृत्त_फिटर

ये बाळा, जरूर ये, बाबांना घेऊन ये. पत्ता निरोपातून पाठवतो. माझ्याकडे ब्रेक पॅराशूटच्या कापडाचा एक तुकडा आहे, फाटून बाद झालेला, मागून घेतला होता. हात लावून बघ. बाबांशी मी बोलतो.

घाटरस्ता

गिरगावकर, तुमचा शाळेतला नकाशासंग्रह आहे का अजून? सत्तरच्या आसपासचा असेल तर बघा, खैबरच्या पानावर.

गिरगावकर

होता. पोटमाळ्यावर, पितळी भांड्यांच्या पेटीत. पाठीचं कापड सुटलंय, वरच्या कोपऱ्यात माझं नाव आणि इयत्ता सातवी ब. आत्ता रात्रीचे पावणेबारा वाजलेत, ट्यूबखाली भिंग घेऊन बसलोय.

पेशावरपासून निघालेली काळी रेघ, तिला आडव्या बारीक काड्या, म्हणजे रेल्वे. जमरूद. लंडीकोतल. आणि त्याच्या पुढे, तिळापेक्षा लहान अक्षरांत, लंडीखाना. आहे. मी सातवीत या पानावरून नद्या पाठ केल्या होत्या.

लंडीकोतलच्या ठिपक्यावर अंगठा ठेवून बघितला. नखाखाली सगळंच झाकलं जातं, दोन्ही स्टेशनं आणि सरहद्दीची रेघ.